नर सापडेपर्यंत थांबायला लावणारे त्रिविक्रमराव

प्रा. त्रिविक्रमराव यांचं पहिलं दर्शन मला झालं ते त्यांच्या पाठीचं. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून मी मिरजेहून कुंभकोणम्‌ला आले होते. इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची नेमणूक मिळाली, आणि रुजू होण्याच्या दिवशी विभागप्रमुखांना भेटायचं म्हणून शिपायानं हातवारे करत मला इमारतीच्या मागच्या अंगाला आणून सोडलं. तिथे गवतात एक गृहस्थ पालथे पडलेले. पांढरा शर्ट, पांढरी वेष्टी म्हणजे इकडचं धोतर, एक चप्पल पायात, दुसरी लांब कुठेतरी. मला वाटलं भोवळ आली. घाबरून मी मराठीतच ओरडले, "अहो, कुणी पाणी आणा." तर त्या गवतातून एक हात वर आला आणि अगदी शांतपणे मराठीत उत्तर आलं, "पाणी नकों, बाई. बाजूस व्हा. तुमची छाया पडते."

या गावात आल्यापासून घराबाहेर मराठीचा शब्द कानावर पडला नव्हता. माझे डोळे खरंच भरून आले. ते पुसून मी वाट पाहत उभी राहिले, की आता हे उठतील, नमस्कार करतील, कुठून आलात म्हणून विचारतील. कसचं काय. मी नवी कोरी इरकल नेसून भर उन्हात उभी, आणि आमचे विभागप्रमुख गवताच्या बुडाशी नाक लावून पडलेले. बऱ्याच वेळानं उठले, गुडघे झाडले आणि म्हणाले, "आज नाहीं दिसली. या." कोण दिसली नाही, हे मला कळायला पुढे कित्येक महिने लागले.

या गौरवग्रंथासाठी लेख मागताना समितीचे चिटणीस मुकुंदराव मला म्हणाले होते, "बाई, गोड लिहा. पंचाहत्तरी आहे." मुकुंदराव सरांचे जुने विद्यार्थी, आणि नात्यानं सरांच्या पत्नी रुक्मिणीअक्का यांचे चुलतभाऊ. गावात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. माणूस प्रेमळ, पण त्यांची ही विनंती मला मानता येत नाही. ज्यांनी माझ्या आयुष्याची इतकी वर्षं गवताच्या ठोंबांपुढे घालवायला लावली, त्यांच्याविषयी नुसतं गोड लिहायचं तर खोटं लिहावं लागेल, आणि खोटं लिहिलेलं सरांना मुळीच खपत नाही.

ज्यांना सर ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. सरांचं घराणं वैष्णव. पूर्वज मराठ्यांच्या अमदानीत तंजावर मुलुखात आले ते इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असं त्यांचं पिढ्यानपिढ्या चाललेलं. त्यांची मराठी आमच्याकडच्या माणसाला जुन्या पोथीतल्यासारखी लागते. मी ती इथे माझ्या कानाला येते तशी उतरवते आहे, त्यात चुकलं तर दोष माझा. कॉलेजात अस्खलित इंग्रजीत शिकवणारे, घरी रोज पूजा केल्याशिवाय पाणी न घेणारे आणि घरची माणसं सोडली तर कुणालाही, अगदी पहिल्या वर्षाच्या पोरालाही, 'तुम्ही' म्हणणारे असे हे गृहस्थ आहेत.

आणि त्यांचं आयुष्यभराचं काम म्हणजे एक गांधीलमाशी.

गांधीलमाशी म्हटलं की लोक अंग चोरतात. ही तशी नव्हे, ही कुणाला डसत नाही. तिळाहून बारीक असते. मादीला पंखच नसतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ती मुंगी वाटते. गवताची पात जिथे काडीला लपेटलेली असते, त्या आवरणाखाली पिठ्या ढेकूण दडून असतात. ही बया तिथे शिरते आणि ढेकणाच्या अंगात अंडं घालते. अळी त्याला आतून खाऊन वाढते आणि एक दिवस भोक पाडून बाहेर येते. चोळपुरम्‌च्या पलीकडे एक गायरान आहे, कधी नांगर न लागलेलं. तिथे ती सरांना सापडली. या भातशेतीच्या मुलुखात न नांगरलेलं गवत किती उरलंय ते इथल्या माणसांना मी सांगायला नको, आणि पंख नसलेली माशी एका गवतातून उठून दुसरीकडे जाणार तरी कशी? आम्हांला शोधून सापडलेल्या लेखांत तरी तिचं वर्णन कुणी केलेलं नाही. तिला नाव नाही. तिच्याविषयी जे काही माहीत आहे ते त्रिविक्रमरावांना माहीत आहे. इतकी वर्षं मला या माणसाकडून एकच गोष्ट हवी होती. हे सगळं त्यांनी आपल्या हयातीत, आपल्या नावानं छापावं.

ते छापत नव्हते. कारण काय, तर नर सापडला नव्हता.

शास्त्रात याची सोय आहे हो. मादीचं वर्णन द्यायचं आणि खाली लिहायचं, 'नर अज्ञात'. कितीतरी कीटकांच्या बाबतीत लोकांनी हेच लिहिलेलं आहे. काही जातींत तर नराचं काम पडतच नाही, माद्याच माद्यांना जन्म देतात. हे मी सरांना समजावलं नाही असं एक वर्ष गेलं नसेल. सरांचं उत्तर ठरलेलं होतं.

"अज्ञात कोणास, बाई? मीं पाहिला नाहीं, हें माझें झालें. त्यास अज्ञात कां म्हणावें?"

"मग 'मी पाहिला नाही' असं छापा, सर."

"पुरतें पाहिलें कोठें? येत्या तै महिन्यांत पाहूं."

तै म्हणजे आपला पौष-माघाचा सुमार. येता तै आला, गेला. त्याच्या पुढचाही गेला. लग्नपत्रिका छापायला नवरदेवाची इतकी वाट कुण्या वधूपित्यानं पाहिली नसेल. आणि हे सगळं हसतमुखानं, हातात पेला घेऊन, जणू सगळा काळ आपल्याच मालकीचा आहे अशा थाटात. माझा जीव वर-खाली व्हायचा तो वेगळाच.

त्यात त्यांची काम करायची तऱ्हा. जगातले कीटकशास्त्रज्ञ गवतावरून जाळी फिरवतात आणि सापडेल ते गोळा करतात. सरांना ते नापसंत. "जाळ्यांत आली तर ती कोणाच्या पोटांतून निघाली तें कसें कळावें?" म्हणून गवताचा ठोंब मुळांसकट, मातीसकट घरी आणायचा, पितळी टंबळरमध्ये, म्हणजे कॉफीच्या उभ्या पेल्यात, लावायचा, तोंडाला जुन्या विरलेल्या वेष्टीचा तुकडा बांधायचा, आणि आतून कोण निघतं ते कापडातून पाहत बसायचं. काचेच्या भांड्यात ऊन तापून ढेकूण मरतात, म्हणून पितळीच हवं. माडीच्या खिडकीत, जिन्यात, देवघराच्या कट्ट्यावर, जिथे पाहाल तिथे टंबळर. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा अक्कांनी कॉफी वाटीत आणून दिली आणि म्हणाल्या, "माणसास टंबळर नाहीं, तणास आहे. गरम आहे, जपून प्या." त्यांच्या त्या वाक्यात मला माझं पुढचं सगळं आयुष्य दिसायला हवं होतं, पण तेव्हा मी तरुण होते.

गायरानात सापडते ती आणखी कुठे सापडते का, हे पाहायला सर जिथे गवत दिसेल तिथे जात. तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या गणपतीला लोक दर्शनाला जातात. सर देवळाबाहेरच्या गवतात जात, गुडघ्यांवर रांगत. एकदा मी बरोबर होते. सर मान खाली घालून रांगत पुढे चाललेले आणि येणाऱ्या बायका आदरानं वाट देत होत्या. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यांनी काही नवस बोललेला असणार. एक आजी वाकल्या आणि त्यांनी सरांच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली. गोपीचंदनाखेरीज कपाळाला दुसरं काही न लावणाऱ्या घरातले सर, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही, कारण मान वर केली असती तर समोरचा ठोंब नजरेआड झाला असता. तसेच बसमध्ये बसले, तसेच घरी आले. अक्का दारातच म्हणाल्या, "हें काय नवें?" सर म्हणाले, "तेथें नाहीं ती." दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते आणि दोघांनाही त्याची सवय होती.

आता एकादशीची हकीकत. गावात ती नाना प्रकारे सांगितली जाते, म्हणून खरी काय ती इथे लिहून ठेवते. एका दुपारी सरांचा फोन आला, "बाई, पंख दिसतात." मी स्पिरिटची बाटली पिशवीत टाकली आणि रिक्षा करून धावले. देवघराच्या कट्ट्यावरच्या टंबळरमध्ये, कापडाखाली, पंख असलेलं काहीतरी इतकुसं फिरत होतं. मी बाटलीचं बूच काढलं, तर सर म्हणाले, "आज एकादशी, बाई."

एरवी सर कीटक स्पिरिटमध्ये घालतात. आवडीनं नाही, मोजकेच घालतात, पण घालतात. एकादशीला मात्र जीव घ्यायचा नाही. "उद्यां पारणें झालें कीं घालूं."

"मी घालते. माझी एकादशी नाही, सर."

"घर माझें आहे, बाई."

मी बूच लावलं. दुसऱ्या दिवशी द्वादशीला पहाटे पारण्याला मुकुंदराव आले. आदला दिवस निर्जळी उपास, घसा कोरडा, आणि देवांपुढे कापड बांधलेलं पितळी टंबळर. त्यांना वाटलं तुळशीचं तीर्थ झाकून ठेवलंय. त्यांनी गाठ सोडली, भक्तिभावानं टंबळर ओंजळीत कलतं केलं, आणि ओंजळीत माती पडली. ज्याला पंख होते ते पंखांनी खिडकीबाहेर गेलं. मुकुंदराव आजही म्हणतात की द्वादशीला पहाटे कापडानं झाकलेलं भांडं पाहून कुणीही तीर्थच समजला असता. बरोबर आहे त्यांचं, आणि तेच तर मला सहन होत नाही, की यात रागवावं असं कुणीच सापडत नाही. मी पोचले तेव्हा मुकुंदराव भिंतीला टेकून बसले होते, रडवेले. सर त्यांच्या तळहातावरची माती आपल्या उपरण्यानं पुसत होते आणि म्हणत होते, "आधीं तीर्थ घे, मुकुंदा. कालपासून उपाशी आहेस."

मी म्हटलं, सर, निदान एवढं तरी लिहा, की पंख असलेला एक दिसला होता. तर म्हणाले, "तो नर होता हें कोणीं पाहिलें? पंखांची मादीही असूं शकते." त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याशी अबोला धरला. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही.

दुसरा कुणी आधी छापेल याचीही त्यांना भीती नव्हती. उत्तरेकडच्या एका संशोधकानं अशाच काही माश्यांबद्दल विचारलं, तर सरांनी आपले चांगल्यातले चांगले नमुने कापसात गुंडाळून त्याला पाठवून दिले. मी कपाळावर हात मारून घेतला. "त्यानं आधी छापलं तर?" "मग आम्हांस छापावें लागणार नाहीं," असं म्हणून सर खुशाल हसले. तो गृहस्थ सज्जन निघाला, हे आमचं नशीब.

असं असूनही मी त्यांना सोडून का गेले नाही, असं माझ्या बहिणीनं मला एकदा विचारलं होतं. त्याचं उत्तर माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षात आहे. मला तमिळ येत नव्हतं आणि माझं मिरजेचं इंग्रजी मुलांना कळत नव्हतं. वर्गात नुसता गोंधळ. राजीनामा द्यायचा असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. एके सकाळी विभागप्रमुख वही-पेन्सिल घेऊन आले आणि शेवटच्या बाकावर मुलांत बसले. मुलं चिडीचूप. मी अडखळले की सर तिथूनच, जणू स्वतःशीच बोलत असल्यासारखे, तेच तमिळमध्ये म्हणायचे. ते सत्र संपेपर्यंत येत राहिले, आणि त्या बसण्याचा ना त्यांनी कधी उल्लेख केला ना मला करू दिला. अर्थात तास संपला की फळ्याशी येऊन सगळ्यांसमोर माझ्या चित्रावर बोट ठेवायचे, "बाई, झुरळास मांडी येथें नसते." उपकाराची भावना मनात दाटून येते न येते तोच ती अशी घालवायची, ही सरांची खास कला.

माझ्या नवऱ्याचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हाही तसंच. माझं सासर-माहेर दोन्ही लांब. सर सकाळी अक्कांनी केलेला रसमभात डब्यात घेऊन आले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले ते दिवसभर. धीराचे चार शब्द बोलतील तर शपथ. डॉक्टर बाहेर आले, सगळं नीट झालं म्हणाले. मी पदराला डोळे पुसते आहे तोवर सरांनी शर्टाच्या खिशातून काचेची नळी काढली. "मजकडेही बरी वार्ता आहे. ही सकाळीं निघाली." नळीत ती. आणखी एक मादी. मी तेव्हा हसले की रडले ते मला नीट आठवत नाही, बहुतेक दोन्ही.

अलीकडच्या वर्षांत सरांचे डोळे गेले. एकाचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याच्या आतला पडदाच खराब झालेला, त्याला इलाज नाही. ऑपरेशनही लवकर करून घेतलं नाही, कारण गवताचा हंगाम होता. आता माणूस दिसतो, दार दिसतं, पण अक्षर दिसत नाही आणि मायक्रोस्कोपखालचं तर काहीच दिसत नाही. तेव्हापासून डोळा माझा आणि प्रश्न त्यांचे.

"मिशीचा तिसरा सांधा दुसऱ्याहून लांब कीं आखूड?"

"सारखा वाटतो, सर."

"वाटतो नकों. मापा."

मी मापायची, पुन्हा मापायची, चित्रं काढायची, फाडायची. लेखासाठी लागणारी सगळी चित्रं अशी माझ्या हातची झाली. एक दिवस सरांनी हस्तलिखिताचं पहिलं पान मागून घेतलं आणि आपल्या नावाखाली, चाचपडत, वेड्यावाकड्या अक्षरांत माझं नाव घातलं. म्हणाले, "ज्यानें पाहिलें त्याचें नांव असावें." त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला ते सांगितलं, आणि जेवताना पुन्हा सांगितलं.

पण छापायचं नाव काढलं की पुन्हा येता तै महिना. सरांना पंचाहत्तर पूर्ण होत आलेली.

अशात गौरव समिती स्थापन झाली. पहिल्याच बैठकीत मुकुंदराव म्हणाले की कुठल्याशा बेडकाला कुण्या विद्वानाचं नाव दिल्याचं त्यांनी वाचलंय, तर आपल्या सरांचं नाव आपल्या माशीला द्यायचं आणि व्यासपीठावर जाहीर करायचं. अस्की मंडळी, म्हणजे सगळेच, खूश. टाळ्या झाल्या. मी समजावून सांगितलं की तसा कायदा नाही, पण रीत आहे. वर्णन लिहिणारा आपलं स्वतःचं नाव कीटकाला देत नाही. लेख सरांचा, तेव्हा माशीला सरांचं नाव देता येणार नाही. मुकुंदरावांनी थोडा विचार केला आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "मग लेखावरून सरांचें नांव काढा. तुम्ही एकट्या छापा."

म्हणजे सरांचा गौरव व्हावा म्हणून सरांचं काम सरांकडून काढून घ्यायचं, आणि ते मी करायचं. आणि बैठकीतल्या कुणालाही यात काही वावगं वाटेना. उलट एक जण म्हणाले की बाईंनाही मान मिळेल, बरंच झालं. मला इतका संताप आला की पानावरचा केसरी, म्हणजे इकडचा शिरा, तसाच टाकून मी उठले. मुकुंदराव, हा परिच्छेद गाळू नका. तुम्ही गाळणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण तुम्ही तसे नाही.

मी तडक सरांकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं. सर ऐकत होते. त्यांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं.

"माझें नांव? तिजवर?"

"हो. समितीनं ठरवलंय."

"मीं तिला केलें कीं काय? कागद कोठें आहेत, बाई?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. कागद त्यांच्या मागेच होते, वर्षानुवर्षं. समितीनं तिला त्यांचं नाव चिकटवायच्या आत लेख पुरा व्हावा, अशी ही घाई होती. मी वाचत गेले, सर दुरुस्त्या सांगत गेले, अक्का मध्येच येऊन आमच्या पुढ्यात जेवण ठेवून गेल्या. नराचा मजकूर आला तिथे सरांनी मला तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "लिहा. नर आम्हांस दिसला नाहीं. अधिक शोध व्हावा." मी लिहिलं. मला इतकी वर्षं विनवण्या करून जे जमलं नाही, ते मुकुंदरावांच्या एका अचाट कल्पनेनं दिवस मावळायच्या आत झालं. आनंद मानावा की भिंतीवर डोकं आपटून घ्यावं, हे मला कळेना. माशीच्या नावाची जागा तेवढी सरांनी मोकळी ठेवली. "विचार करून घालतों, आणि मीच पाठवतों," म्हणाले. मी बिनघोर घरी आले. इथेच मी फसले.

मध्यंतरी एका सकाळी गेले, तर सर लहान मुलासारखे खुशीत.

"बाई, पाठविलें. तुमचें नांव काढलें."

"कशावरून?"

"लेखावरून. माशीला तुमचें घातलें. रीत तुम्हींच सांगितली मुकुंदास. आपलें नांव आपण घालूं नये."

शैलजा या माझ्या नावाला लॅटिन शेपूट लावून त्यांनी ते त्या माशीला देऊन टाकलं होतं. का, तर जागा मोकळी राहिली असती तर समितीनं त्यांचं नाव घुसवलं असतं. बसच्या खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरतात, तसं त्यांनी माझं नाव टाकून ठेवलं होतं. मी भांडले. चांगली कडाडून भांडले, अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या इतकी. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाले, "या गांवीं तुम्हांस अजून मराठी टीचर म्हणतात, बाई. नांवानें कोणी हाक मारीत नाहीं. तें नांव कोठें तरी राहावें, असें मज वाटलें."

मी माझी पिशवी उचलली. निघून आले, आणि तेव्हापासून जे बोलायचं राहिलं आहे ते इथे लिहिते आहे. लेख अजून छापलेला नाही. छापण्याआधीची शेवटची प्रत सरांकडे यायची आहे, आणि तोवर बदल करता येतो. समारंभ त्याच्या आधी आहे. म्हणून समितीच्या, विद्यार्थ्यांच्या आणि सगळ्या आप्तेष्टांच्या साक्षीनं लिहिते. सर, हा ग्रंथ तुमच्या हाती पडेल आणि अक्का तुम्हांला तो वाचून दाखवतील. अक्का, इथून पुढे जरा मोठ्यानं वाचा.

सर, तुमच्या मनातलं मला कळलं. इतकं प्रेम माझ्या नावावर इथे दुसऱ्या कुणी केलं नाही. पण मला ती माशी व्हायचं नाही. तिला चोळपुरम्‌चं नाव द्या, गवताचं द्या, अक्कांचं द्या, हवं त्याचं द्या. मला लेखावरची माझी जागा परत हवी आहे. तुम्ही नाही म्हणाल हे मला माहीत आहे. मग मी उद्या येऊन भांडेन, परवा येऊन भांडेन, आणि तुम्ही शांतपणे नाही म्हणत राहाल. तसं पुष्कळ वर्षं चालू दे. तुमची तब्येत ठणठणीत राहो, उरलेली नजर शाबूत राहो, शंभरी गाठा आणि तेव्हाही मला चुका दाखवा. मी ऐकून घेईन आणि चिडेन. पण तो लेख तुमच्या एकट्याच्या नावानं जाऊ देऊ नका. मी तुमच्या रक्ताची नाही, गावची नाही, तुमच्या घराण्याची नाही. उद्या कुणी विचारलं की ही बाई त्रिविक्रमरावांची कोण, तर दाखवायला माझ्याजवळ तुमच्या नावाखालची ती एक ओळ आहे. दुसरं काही नाही.